एका अ‍ॅनलाइझची गोष्ट

मंडळी, गेले तीन शनिवार-रविवार इथे काही लिहिलं नाही, कारण मी एक जुना शोधनिबंध घेऊन बसलो होतो. १९७९ सालचा, जेमतेम बारा पानांचा. माझा जन्म व्हायला तेव्हा अठरा वर्षं अवकाश होता. डेटाबेसवर पोट असलेल्या माणसाने तो कॉलेजात असतानाच वाचायला हवा होता, पण कॉलेजात आपण काय वाचतो ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. (परीक्षेच्या आदल्या रात्री सीनियरच्या नोट्सची झेरॉक्स.) तो आत्ता हाती लागायला कारण झाली २०२४ च्या नोव्हेंबरमधली एक रात्र. तेव्हा आधी ती सांगतो, मग कॅलिफोर्नियात सॅन होजेला जाऊ.

एका दूध संघाचं काम आमच्याकडे होतं. जुन्या प्रणालीतला सगळा विदा नव्या पोस्टग्रेसमध्ये आणायचा. ('विदा' हा शब्द मी मराठी संकेतस्थळांवर शिकलो आणि मला आवडतो. ऑफिसात म्हटलं तर लोक बघत राहतात, त्यामुळे पुढे कधी विदा, कधी डेटा असं होईल, सांभाळून घ्या.) दोन्ही वेळचं संकलन, जानेवारी २०१४ पासूनचं. सभासद, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. रोजच्या साधारण दहा हजार नोंदी, म्हणजे एकूण चार कोटींना थोड्या कमी. पशुखाद्याच्या उचलीचं टेबल वेगळं, ते नऊ लाखांचं. सोमवारी सकाळी दहा दिवसांचं दूधबिल काढायचं होतं आणि ते नव्या प्रणालीवरच काढायचं असं संघाने ठरवलेलं. माझी आत्या दूध घालते (दुसऱ्या संघाला), त्यामुळे दूधबिल एक दिवस लांबलं की घरात काय बोलणी होतात ते मला ऐकून माहीत आहे.

तयारी मी चोख केली होती, निदान माझ्या मते तरी. पंधरा दिवस आधी पहिल्या तीन महिन्यांचा विदा आणून चाचणी घेतली होती, बिलाचा रिपोर्ट दोन सेकंदांत आला होता. शनिवारी रात्री खऱ्या आयातीला बसलो. इंडेक्स आधी काढून टाकले, कॉपी कमांडने डेटा ओतला, शेवटी इंडेक्स पुन्हा बांधले. आणि वेग मिळावा म्हणून ऑटोव्हॅक्यूमही बंद केलं. असं करा म्हणून कुठल्याशा यादीत वाचलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

आयात झकास झाली. रविवारी सकाळी रिपोर्ट लावला आणि चहा प्यायला गेलो. परत आलो, चालूच. जेवून आलो, चालूच. दीड तासाने मारला.

पुढचे पाच तास मी जे केलं ते बहुतेक सगळे करतात. मेमरीच्या सेटिंग्ज वाढवल्या. सर्व्हर बंद करून चालू केला. इंडेक्स परत बांधले. टीम लीडला फोन केला तर तो म्हणाला, "अरे, चार कोटी रो आहेत, रॅम वाढवायला लागेल, क्लायंटला तसं सांगून टाक." संघाच्या संगणक विभागातले काका शेजारी खुर्ची ओढून बसले होते. ते म्हणाले, "साहेब, जुनं मशीन पंधरा मिनिटांत बिल काढायचं बरं का." यावर काय उत्तर देणार?

शेवटी एक्स्प्लेन घातलं. क्वेरी चालवायच्या आधी डेटाबेस मनाशी जो बेत आखतो तो हे दाखवतं. त्यात संकलनाच्या टेबलासमोर लिहिलं होतं, या दहा दिवसांत अपेक्षित ओळी: १. प्रत्यक्षात होत्या एक लाख दोन हजार. पशुखाद्याच्या टेबलासमोरही १.

आता हे बघा. डेटाबेसला वाटत होतं की इकडून एकच ओळ येणार, त्या एका ओळीसाठी पशुखाद्याचं टेबल एकदा वरपासून खालपर्यंत चाळलं की झालं. एकदाच चाळायचंय तर इंडेक्स कशाला आणि दुसरी युक्ती कशाला? याला नेस्टेड लूप म्हणतात आणि एका ओळीसाठी तो बेत अगदी योग्य आहे. फक्त आल्या एक लाख दोन हजार ओळी, आणि नऊ लाखांचं टेबल तितक्या वेळा चाळणं सुरू झालं.

लग्नाच्या आचाऱ्याला आपण काय सांगतो? पानं किती ते. मेनू नंतर. पाच पानं असतील तर घरच्या गॅसवर छोट्या पातेल्यात होईल, पाचशे असतील तर चूल, घंगाळं, चार वाढपी. आचारी कितीही हुशार असो, आकडा चुकीचा दिला की वाट लागते, आणि त्यात त्याचा दोष नसतो. माझ्या आचाऱ्याकडे चाचणीच्या वेळची यादी होती. त्या यादीप्रमाणे सगळ्या तारखा जानेवारी ते मार्च २०१४ मधल्या. नोव्हेंबर २०२४ चं कुणी विचारलं तर तो म्हणणार, अशी ओळ असलीच तर एखादी असेल. यादी नवी करायचं काम ऑटोव्हॅक्यूमचं, आणि ते मीच बंद करून ठेवलं होतं.

अ‍ॅनलाइझ एवढा एक शब्द टंकला. ते काही सेकंदांत संपलं. रिपोर्ट अकरा सेकंदांत आला.

झालं. आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण घरी येताना डोक्यात एकच प्रश्न होता. डेटा याच्याच पोटात आहे, चार कोटी ओळी यानेच गिळल्या, मग याला स्वतःच्या पोटात काय आहे ते माहीत कसं नाही? आणि ते माझ्याकडून सांगून का घ्यावं लागतं?

तर आता सॅन होजे. पण त्याआधी थोडं मागे.

१९६० च्या दशकात डेटाबेस म्हणजे वाटा होत्या. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाकमन यांनी आयडीएस नावाची प्रणाली बांधली. आयबीएमने रॉकवेलबरोबर अपोलो मोहिमेतल्या सुट्या भागांच्या जंत्रीसाठी आयएमएस बांधलं, ते १९६८ मध्ये चालू झालं. दोन्हीत एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर जायचे दुवे आधीच घातलेले असत. प्रोग्रॅमरने या दुव्यावरून तिकडे जायचं, तिथून पुढची नोंद घ्यायची, नाही मिळाली तर परत फिरायचं. बाकमनना १९७३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांच्या भाषणाचं शीर्षकच होतं, 'प्रोग्रॅमर एक नॅव्हिगेटर'. म्हणजे वाटाड्या. वाटाड्याला गाव माहीत असतं. कुठल्या सभासदाच्या नोंदी भरमसाट आहेत, कुठलं टेबल चिमुकलं आहे, कुठून शिरलं तर लवकर पोचू, हे सगळं त्याच्या डोक्यात. मागाहून दहापट डेटा ओतला आणि वाट बदलावीशी वाटली तर प्रोग्रॅम पुन्हा लिहायचा. काकांचं ते जुनं मशीन पंधरा मिनिटांत बिल काढत होतं ते असंच. कुणीतरी कधीकाळी गाव ओळखून वाट लिहून ठेवली होती.

याच्या उलट बोलणारा माणूस म्हणजे एडगर कॉड. जन्माने इंग्रज, नोकरी आयबीएमच्या सॅन होजेमधल्या संशोधन केंद्रात. जून १९७० मध्ये त्यांचा तो प्रसिद्ध निबंध आला, ज्यातून रिलेशनल डेटाबेस निघाले. त्यांचं म्हणणं, वापरणाऱ्याला डेटा आत कसा ठेवलाय हे कळायची गरजच काय? काय हवंय ते त्याने सांगावं, कसं आणायचं ते यंत्राने बघावं. (कॉड दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिक होते. नॅव्हिगेटरची गरज नाही असं खऱ्याखुऱ्या वैमानिकाने म्हणावं, याची मला गंमत वाटते.)

१९७४ मध्ये मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला दोन्ही बाजूंचा जाहीर वाद झाला. बाकमन एकीकडे, कॉड दुसरीकडे. वाटाड्यांच्या बाजूचा मुख्य आक्षेप साधा आणि रास्त होता. हे सगळं ऐकायला छान, पण वेगाने चालणार कसं? अनुभवी प्रोग्रॅमर जी वाट शोधतो ती यंत्राला सापडणार कशी? आणि खरं सांगायचं तर १९७४ मध्ये याचं दाखवण्याजोगं उत्तर कॉड यांच्या बाजूला कुणाकडेच नव्हतं.

ते उत्तर तयार करण्याच्या प्रकल्पाचं नाव सिस्टिम आर. त्याच केंद्रात, १९७४ च्या सुमाराला सुरू. तिथेच डॉन चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वल नावाची भाषा केली, जिला आज आपण एसक्यूएल म्हणतो. बॉइस त्याच वर्षी अगदी तरुणपणी गेले. आपण रोज टंकतो ती सिलेक्ट-फ्रॉम-व्हेअर काय झाली ते त्यांनी पाहिलंच नाही.

भाषा झाली, पण वाट कोण शोधणार? हे काम ज्यांच्या नावाने ओळखलं जातं त्या पॅट्रिशिया सेलिंजर. १९७५ मध्ये हार्वर्डमधून पीएचडी करून त्या इथे आल्या. १९७९ मध्ये बॉस्टनला त्यांनी आणि चार सहकाऱ्यांनी (अ‍ॅस्ट्राहान, चेंबरलिन, लोरी, प्राइस) मांडलेला निबंध म्हणजेच मी तीन आठवडे घेऊन बसलो होतो ती बारा पानं.

त्यातलं उदाहरण डेन्व्हर शहरातल्या खात्यांमध्ये काम करणाऱ्या कारकुनांचं आहे. तीन टेबलं: कर्मचारी, खाती, हुद्दे. आधी कारकून शोधून मग त्यातले डेन्व्हरचे काढायचे, का आधी डेन्व्हरची खाती शोधून मग त्यातले कारकून? तीन टेबलांचे सहा क्रम होतात, दहा टेबलांचे छत्तीस लाखांच्या वर. शिवाय प्रत्येक टेबलात शिरायच्या वाटा दोन-चार. सेलिंजर आणि मंडळींनी काय केलं, तर प्रत्येक वाटेला किंमत लावली. डिस्कवरून किती पानं उचलावी लागतील, अधिक सीपीयूचं काम एका ठराविक गुणकाने. मग छोट्या जोड्यांपासून सुरुवात करून प्रत्येक टप्प्यावर महागड्या वाटा टाकून द्यायच्या. फक्त एखादी महाग वाट जर ओळी क्रमाने लावून देत असेल तर ती राखून ठेवायची, पुढे उपयोगी पडते. यातला हा शेवटचा बारकावा मला फार आवडला. काटकसर करणाऱ्या घरात असंच असतं, महाग असला तरी टिकाऊ तवा घेतात.

पण किंमत लावायची तर आकडे हवेत. टेबलात ओळी किती, त्या किती पानांवर पसरल्यात, इंडेक्समध्ये वेगवेगळ्या किल्ल्या किती, इंडेक्स स्वतः किती पानांचा. (इथेही पानंच!) एवढ्या चार-पाच आकड्यांवर सगळा डोलारा उभा आहे. आणि या आकड्यांबद्दल निबंधात एक छोटा परिच्छेद आहे, तो मी बहुतेक वीसेक वेळा वाचला असेन.

त्यात म्हटलंय की टेबल पहिल्यांदा भरताना आणि इंडेक्स बांधताना हे आकडे तयार होतात. त्यानंतर अधूनमधून 'अपडेट स्टॅटिस्टिक्स' नावाची कमांड देऊन ते ताजे करायचे, आणि ही कमांड कुणीही वापरणारा देऊ शकतो. प्रत्येक ओळ घालताना, काढताना आकडे बदलत बसत नाही, कारण मग ओळ घालणारा प्रत्येकजण त्या एका आकड्यासाठी रांगेत उभा राहील आणि सगळा कारभार एकाच खिडकीवर येईल.

म्हणजे माझ्या रविवारच्या प्रश्नाचं उत्तर १९७९ मध्येच छापलेलं होतं. याला आपल्या पोटातलं कळत नाही असं नाही. सतत मोजत बसणं परवडत नाही म्हणून त्या लोकांनी जाणूनबुजून ठरवलं की हा थोडा अडाणी राहू दे. आपणही पाकिटातले पैसे दर खर्चाला मोजत नाही, अंदाज असतो. एटीएममधून भरपूर काढले, किंवा भलतंच काही घेतलं, की मोजतो.

दुसरी जागा तर याहून भारी. आकडेच नसले तर काय करायचं? तेव्हा त्यांनी सरळ काही अंदाज लिहून टाकलेत. 'अमुक बरोबर तमुक' असेल आणि माहिती नसेल तर एक-दशांश ओळी धरा. 'अमुकपेक्षा जास्त' असेल तर एक-तृतीयांश. 'या दोघांच्या मधलं' असेल तर एक-चतुर्थांश. आणि पुढे प्रामाणिकपणे सांगितलंय की या आकड्यांना तसा काही खास अर्थ नाही. आकडे नाहीत म्हणजे टेबल छोटंच असणार असं आम्ही धरून चालतो, हेही सांगून टाकलंय. मी वाचून हसलोच. आयात करणाऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा धोकादायक गृहीतक नसेल! गंमत म्हणजे त्यातला तो एक-तृतीयांश अजून जिवंत आहे. पोस्टग्रेसचा सोर्स उघडून बघा. 'पेक्षा जास्त'साठी काहीच माहिती नसेल तर आजही ०.३३३३ च धरतात.

सिस्टिम आरच्या मंडळींचं कौतुक यासाठीही की पुढे त्यांनी स्वतःच तपासून लिहिलं, की आमचा हिशेब कुठली वाट स्वस्त ते बहुतेक बरोबर सांगतो, पण खर्चाचा नेमका आकडा मात्र चुकतो. म्हणजे आचारी कुठल्या पद्धतीने करायचं ते बरोबर ठरवतो, बिलाचा अंदाज चुकतो. चालेल की!

आता प्रश्न राहिला, अपडेट स्टॅटिस्टिक्स द्यायचं कुणी? 'कुणीही देऊ शकतो' याचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते सांगायला नको. सोसायटीच्या जिन्यातला दिवा कुणीही बंद करू शकतो.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं म्हणजे हे काम कोणाच्या गळ्यात घालायचं याचाच इतिहास आहे असं मला वाटतं. ऑरॅकलने तर बरीच वर्षं हा भानगडीचा मार्गच टाळला. त्यांचा जुना ऑप्टिमायझर आकडे बघतच नसे, नियमांवर चाले: इंडेक्स आहे ना, मग वापर. आकड्यांवर चालणारा त्यांनी १९९२ मध्ये ऑरॅकल ७ मध्ये आणला. बरेच जुने डीबीए त्याच्याकडे संशयाने बघत, आणि त्यांचं अगदीच चुकत नव्हतं. नियमवाला मंद असला तरी रोज सारखाच मंद. आकड्यांवाला काल अकरा सेकंद आणि आज दीड तास. मग रात्री आकडे गोळा करायचे जॉब आले. डीबीए नावाच्या माणसाच्या पगारातला एक हिस्सा याच कामाचा होता.

पोस्टग्रेसमध्ये ऑटोव्हॅक्यूम मूळ सर्व्हरमध्ये आलं ते २००५ मध्ये, ८.१ आवृत्तीत, तेही बंद अवस्थेत. न सांगता चालू असणं सुरू झालं २००८ पासून, ८.३ मध्ये. टेबलातल्या साधारण दहा टक्के ओळी बदलल्या की ते स्वतः जाऊन अ‍ॅनलाइझ करतं. म्हणजे सेलिंजर यांच्या निबंधानंतर तब्बल एकोणतीस वर्षांनी पोस्टग्रेसने हे काम माणसाच्या हातून काढून घेतलं. आणि मी सोळा वर्षांनी एका ओळीत ते परत माझ्याकडे घेतलं आणि विसरलो.

आणखी एक मौज. सिस्टिम आरमध्ये टेबल भरतानाच आकडे तयार होत, हे वर आलंच आहे. साहजिकच आहे, सगळ्या ओळी डोळ्यांखालून जातच आहेत तर मोजून घ्या. ऑरॅकलने थेट भरलेल्या रिकाम्या टेबलासाठी ही सोय दिली ती २०१३ मध्ये, १२सी आवृत्तीत, नवं वैशिष्ट्य म्हणून. आणि पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती बदलताना पीजी-अपग्रेड वापरलं की सगळे आकडे मागेच राहत. घर नवं, सामान सगळं आलं, पण कुठे काय ठेवलंय ते कुणालाच माहीत नाही अशी गत. नव्या सर्व्हरवर पहिलंच काम अ‍ॅनलाइझ. आकडे बरोबर न्यायची सोय २०२५ च्या अठराव्या आवृत्तीत आली.

आता त्या 'काही सेकंदांत'बद्दल. चार कोटी ओळींचा अभ्यास इतक्या लवकर होतो कसा? होत नाहीच. शितावरून भाताची परीक्षा! पोस्टग्रेस टेबलातून यादृच्छिक तीस हजार ओळी उचलतं आणि त्यावरून सगळं ठरवतं. चार कोटींतल्या तीस हजार, म्हणजे हजारातली एकसुद्धा नाही. हा आकडा कुठून आला म्हणून सोर्समध्ये शोधलं तर तिथे चक्क टीप आहे. १९९८ चा एक निबंध, लेखक सुरजित चौधुरी, राजीव मोटवानी आणि विवेक नरसय्या. तीन भारतीय नावं! हिस्टोग्राम काढायचा तर किती ओळींचा नमुना पुरेल, याचं सूत्र त्यांनी दिलं. आणि त्यातली नवलाची गोष्ट अशी की टेबल कितीही मोठं झालं तरी नमुना फारसा वाढवावा लागत नाही, कारण टेबलाचा आकार सूत्रात लॉगच्या आत बसलाय. म्हणून एक खंडाचा हिस्टोग्राम असेल तर तीनशे ओळी, शंभर खंड असतील तर तीस हजार. टेबल दहा लाखांचं असो की अब्जावधींचं. मोठं पातेलं असलं म्हणून कुणी मूठभर शितं चाचपून बघत नाही, तसंच.

मोटवानी हे स्टॅनफर्डचे प्राध्यापक. गूगलच्या पेजरँकच्या निबंधावर पेज आणि ब्रिन यांच्याबरोबर त्यांचंही नाव आहे. २००९ मध्ये, अवघे सत्तेचाळीस वर्षांचे असताना ते गेले. गूगलच्या संदर्भात लोक त्यांना ओळखतात. त्या रविवारी दूधबिल निघालं त्यातही त्यांचा हात होता, हे मला नंतर कळलं.

पण शितावरून सगळंच कळत नाही. याच तिघांनी मोझेस चारिकार यांच्याबरोबर (हे आपल्या पवईच्या आयआयटीचे) २००० मध्ये दाखवून दिलं, की 'वेगवेगळ्या किती' हा आकडा छोट्या नमुन्यावरून खात्रीने काढताच येत नाही. कुठलीही युक्ती लढवा, तिला फसवणारा डेटा असतोच. आमच्याच टेबलात सभासद क्रमांकांचा अंदाज नंतरही थोडा कमीच यायचा.

आणि चूक एका जागी राहत नाही. १९९१ मध्ये आयोआनिदिस आणि क्रिस्टोडुलाकिस यांनी गणिताने दाखवलं की जॉइन वाढत जातील तसतशी ही अंदाजातली चूक गुणाकाराने फुगत जाते. कानगोष्टींचा खेळ आठवा. पुढे २०१५ मध्ये जर्मनी आणि नेदरलँड्समधल्या संशोधकांनी आयएमडीबीचा, म्हणजे सिनेमांचा, खराखुरा डेटा आणून ११३ क्वेरी वेगवेगळ्या डेटाबेसवर चालवल्या. विकत घेतलेले असोत की फुकटचे, पाच-सहा जॉइन झाले की सगळ्यांचे अंदाज हजारो पटींनी चुकत होते. सिनेमाचा डेटा घेण्याचं कारणही छान आहे. बनवलेल्या चाचणी-डेटात सगळं समसमान पसरलेलं असतं, खऱ्या जगात तसं नसतं. फ्रेंच नट फ्रेंच सिनेमातच जास्त असणार. आमच्याकडे ज्या गावांत म्हशी जास्त तिथे फॅट जास्त. ऑप्टिमायझर मात्र धरून चालतो की गावाचा आणि फॅटचा संबंध नाही. हे गृहीतकही १९७९ च्या निबंधातलंच.

तर वाटाडे चुकीचं बोलत होते का? मला आता तसं वाटत नाही. वाट शोधायला गाव माहीत असावं लागतं, हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. फरक इतकाच पडला की गावाची माहिती प्रोग्रॅमरच्या डोक्यातून निघून एका छोट्या टेबलात गेली. पोस्टग्रेसमध्ये त्याचं नाव पीजी-स्टॅटिस्टिक. सिलेक्ट करून बघता येतं. मी बघितलं तेव्हा त्यात आमच्या सगळ्यात मोठ्या संकलन केंद्राचा क्रमांक पहिला होता. काकांना दाखवलं तर म्हणाले, "हे तर मी तोंडी सांगितलं असतं."

असो. इंडेक्स काढून परत बांधण्यामागे बाएर आणि मॅक्राइट यांच्या बी-ट्रीची वेगळीच कथा आहे, बोईंगच्या प्रयोगशाळेतली, १९७० ची. ती पुढच्या एखाद्या रविवारी.

रविवारी रात्री निघताना आयातीच्या स्क्रिप्टच्या शेवटी दोन ओळी घातल्या. एक ऑटोव्हॅक्यूम चालू करणारी, एक अ‍ॅनलाइझ. सोमवारी साडेनऊला काकांचा फोन आला, बिल बँकेत गेलं म्हणून. मग विचारलं, "साहेब, काय करावं लागलं शेवटी? रॅम?"

म्हटलं, "नाही हो काका, एक शब्द टाईप केला."

थोडा वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाले, "हे आमच्या चेअरमन साहेबांना सांगू नका. तुमचं बिल पास व्हायचंय अजून."